पिवळ्या पेशींचा चकवा : मूत्रपिंडाचा जुनाट संसर्ग की कर्करोग?

आजच्या थ्रेडमध्ये ना तह आहे, ना लढाई. प्रश्न एवढाच, की मूत्रपिंडात वाढलेली गाठ जंतुसंसर्गाची की कर्करोगाची, हे वैद्यकाने ओळखले तरी कसे?

१८६१ साली अमेरिकेतील मिल्वॉकी येथे इरॅस्टस वोलकॉट यांनी यकृताची गाठ समजून एका रुग्णाचे पोट उघडले. बाहेर आले ते अर्बुदाने ग्रासलेले मूत्रपिंड. रुग्ण पंधरा दिवसांनी दगावला. एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो, हे हायडेलबर्गच्या गुस्ताव्ह सिमोन यांनी १८६९ मध्ये सिद्ध केले.

१८८३ मध्ये पॉल ग्राविट्झ यांनी या अर्बुदांतील फिकट, चरबीयुक्त पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. अधिवृक्क ग्रंथीशी त्यांचे साम्य दिसले, म्हणून त्या ग्रंथीचे चुकार अंश मूत्रपिंडात राहून अर्बुद उपजते, असा त्यांनी तर्क केला. त्यातूनच ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव रूढ झाले. या पेशी मूत्रपिंडाच्याच सूक्ष्मनलिकांतून उपजतात, याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पुरावा मिळायला १९६० साल उजाडले. तर्क मोडला तरी नाव टिकते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको!

खरा चकवा पुढेच आहे. १९१६ मध्ये श्लागेनहाउफर यांनी एका विलक्षण जुनाट संसर्गाचे वर्णन केले. त्याचे आजचे नाव झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस. ग्रीक ‘झँथोस’ म्हणजे पिवळा. बहुधा मुतखड्याने वाट अडते, पू साचतो, ऊतके मरतात आणि त्यांतील चरबी गिळून शरीराच्याच भक्षक पेशी फुगतात. स्लाइड तयार करताना चरबी विरघळते. मग रक्षक पेशी आणि कर्कपेशी दोन्ही सारख्याच रिकाम्या, फेसाळ दिसू लागतात. लक्षणेही फसवी : कुशीत गाठ, ताप, रक्तक्षय, वजनातील घट. त्यामुळे कर्करोग समजून काढलेले मूत्रपिंड प्रयोगशाळेत संसर्गाचे निघाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ आहेत.

मूत्रपिंड दोन्हीकडे बहुधा काढावेच लागते, मग फरक कसला, असे कोणी विचारील. रोगग्रस्त मूत्रपिंड गेले की संसर्गाचा रुग्ण सहसा बरा होतो. कर्करोगाच्या रुग्णाला मात्र रोग फुफ्फुसांत वा हाडांत उतरला नाही ना, हे वर्षानुवर्षे तपासत राहावे लागते. शिवाय संसर्ग एकाच भागापुरता असेल आणि तो वेळीच ओळखला, तर उरलेले मूत्रपिंड वाचवताही येते.

१९७१ नंतर आलेल्या सीटी स्कॅनने बरेच साधले. मध्यभागी खडा आणि भोवती पुवाने भरलेले कप्पे, अशा चित्राला डॉक्टर ‘अस्वलाचा पंजा’ म्हणतात. तो दिसला की संसर्गाचा संशय बळावतो. तरी अंतिम निवाडा सूक्ष्मदर्शकाचाच : सीडी-६८ या प्रथिनाच्या रंजनाने भक्षक पेशी ओळखू येतात, केराटिनच्या रंजनाने कर्कपेशी. क्वचित दोन्ही रोग एकाच मूत्रपिंडात नांदतात. म्हणून काढलेल्या मूत्रपिंडाचे नमुने एकाच जागेवरून घेऊन भागत नाही.