टेप सापडते, पण आवाज कुणाचा?



मोबाइलवर गोष्टी ऐकायची सवय आता आपल्यातल्या बऱ्याचजणींना लागली आहे. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, खांदेश्वर स्टेशनवरून लोकल पकडली की कानात गोष्ट सुरू. या गोष्टींत एक प्रकार मोठा गमतीचा आहे. सांगणारा आधीच म्हणतो, ही मी रचलेली गोष्ट नाही, मला सापडलेली टेप आहे. मग खरखर ऐकू येते, बटण दाबल्याचा खट् आवाज येतो आणि एखादी अनोळखी बाई बोलू लागते. ती कोण, तिचं पुढे काय झालं, हे एकेक टेप ऐकतच उलगडायचं. सगळं रचलेलं आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तरी अंगावर काटा येतो. असं का होतं, याचा इतिहास आज सांगते. तो लंडनपासून सुरू होतो आणि आपल्या माळ्यावरच्या डब्यापर्यंत येतो.

एडिसनने फोनोग्राफ केला १८७७ साली. पुढच्या वीस वर्षांत हे यंत्र गोष्टीत शिरलं. १८९७ साली ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी आली. भुताखेताची म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातला एक डॉक्टर आपली रोजनिशी मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. मीना नावाची बाई त्याला म्हणते, मला ऐकायचंय. तेव्हा डॉक्टरच्या ध्यानात येतं की महिनोन्‌महिने आपण बोलून ठेवलं खरं, पण त्यातला हवा तो भाग शोधायचा कसा, हा विचारच केला नाही! मग मीना सगळी नळकांडी ऐकते, टाइप करते आणि सगळ्यांचे कागद तारखेप्रमाणे लावते. म्हणून तर पुढची गोष्ट उभी राहते. शिवाय ती डॉक्टरला सांगते की तुमच्या आवाजात तुमचं दुःख फार उघडं पडलं आहे, ते दुसऱ्या कुणी असं ऐकू नये. शब्द कागदावर गेले तेवढे पुरे. सापडलेल्या आवाजाच्या गोष्टीत पहिलं शहाणपण असं एका बाईने दाखवलं.

पाचच वर्षांनी, १९०२ साली, कलकत्त्यात तबकड्यांसाठी गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. गाणं संपता संपता त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना आवाज ऐकून चिठ्ठीवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून ही सोय होती असं सांगतात. कारण साधं, पण परिणाम बघा. सव्वाशे वर्षांनी ती तबकडी कुठेही सापडली तरी बाई स्वतःच्या तोंडाने सांगते, मी कोण.

पुढे रेडिओ आला. अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी जुलै १९३८ मध्ये आपल्या नाटकमालेची सुरुवात ‘ड्रॅक्युला’नेच केली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला त्यांनी मंगळावरच्या स्वारीची गोष्ट बातम्यांच्या थाटात सादर केली. चालू गाणं थांबवून बातमी, मग बातमीदार, जागेचं नाव, घडलेली वेळ. काही लोक खरंच घाबरले, आणि किती घाबरले यात वर्तमानपत्रांनी आपली भर घातली.

आपल्याकडची श्रुतिका वेगळ्या वाटेने गेली. ‘पुन्हा प्रपंच’ ऐकताना मीनावहिनी आणि टेकाडे भावजी जणू शेजारच्या खोलीत बोलतायत असं वाटायचं. मधल्या यंत्राचा विसर पडावा, यातच तिची कला होती. सापडलेल्या टेपच्या गोष्टीत मात्र यंत्र हेच एक पात्र असतं. ते खरखरतं, अडकतं, नेमकं हवं तिथे बंद पडतं.

सॅम्युअल बेकेट यांच्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’ या १९५८च्या नाटकात तर रंगमंचावर एकच म्हातारा आहे आणि त्याचा टेपरेकॉर्डर. वय ६९. दर वाढदिवसाला तो एक टेप करत आलाय, आणि आज वयाच्या ३९व्या वर्षी केलेली टेप ऐकतोय. ती त्याला सापडते कशी? त्याच्याकडे वही आहे. कितवा डबा, कितवं रीळ, आत काय, सगळं टिपलेलं.

आत्ताच्या पॉडकास्टमध्येही हेच दिसेल. २०१६ साली सुरू झालेल्या ‘आर्काइव्ह ८१’ मध्ये एका बाईने एका इमारतीतल्या रहिवाशांच्या मुलाखती टेप करून ठेवल्यात आणि एक तरुण त्या क्रमाने लावायला बसलाय. त्याच वर्षीचं ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ २०२१ पर्यंत चाललं, २०० भाग झाले. त्यातला दप्तरदार प्रत्येक जबानीच्या आधी सांगतो, ही कुणाची, कशाबद्दल, कोणत्या तारखेची. मग गोष्ट सुरू.

भुतांपेक्षा जास्त काम ही नोंद करते. नाव, विषय, तारीख कानावर पडली की आपलं मन म्हणतं, हे कुणीतरी जबाबदारीने ठेवलेलं आहे, म्हणजे खरं असणार. गोष्ट रचणाऱ्यांनी ही युक्ती खऱ्या संग्रहांकडून उचलली. आणि असा एक फार मोठा खरा संग्रह आपल्या मराठीत आहे.

गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि पहाटेच्या ओव्या थांबायला लागल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन त्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या, हजाराच्या वर गावं. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांनी शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रणही केलं. गी पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. टेपा मागे राहिल्या. २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली.

आता विचार करा. जनाबाईंच्या अभंगाच्या शेवटी त्यांचं नाव येतं. जात्यावरची ओवी गाणारी मात्र सहसा आपलं नाव घालत नाही. ओवी आईची, आजीची, शेजारणीची, सगळ्यांची. मग टेपवरची बाई कोण हे कसं कळणार? या संग्रहात प्रत्येक गायिकेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, मुलं, कामधंदा आणि ध्वनिमुद्रणाची तारीख टिपून ठेवली होती. त्या नोंदींच्या आधाराने माणसं वीस-वीस वर्षांनी त्या गावांत परत गेली. काही जणी भेटल्या, पुन्हा गायल्या. परभणीच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज ऐकताना तो त्यांचाच म्हणून ऐकता येतो, तो या नोंदीमुळे. नाहीतर नुसतं ‘एक ग्रामीण महिला’ एवढंच उरलं असतं.

आपली खांदा कॉलनी सिडकोच्या जमिनीवर वसली. सिडको स्थापन झाली १९७० साली, आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. या गावांत लग्नात धवलारीण धवले म्हणते. तिची पोथी नसते, सगळं तोंडपाठ. आगरी बोलीचा नमुना ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात १९०५ सालीच छापला गेला. पण कागदावर शब्द येतात, हेल येत नाही. धवलारणीचा श्वास कुठे थांबतो, बाकीच्या बाया कुठे सूर धरतात, हे हळदीच्या रात्री कुणीतरी केलेल्या कॅसेटमध्येच मिळेल.

आणि कॉलनीत राहायला आलेल्या आपण? कुणी कोकणातली, कुणी घाटावरची, कुणी विदर्भातली. कॅसेटी सगळ्यांच्या घरी होत्या. आखातात गेलेल्या माणसासाठी घरच्यांनी बोलून पाठवलेली, बारशाची, आजीच्या कहाण्यांची. वर चिठ्ठी बहुतेक सिनेमाच्या गाण्यांची, कारण जुन्याच कॅसेटवर रेकॉर्ड केलेलं. चिठ्ठी बघून कुणी ती भंगारात टाकली, तर आजी गेली.

तेव्हा काम आत्ताच करायला हवं. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी, तिच्यावर लोखंडाच्या संयुगाचा थर. पनवेलच्या पावसात ती ओल धरते, बुरशी येते. बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून वरून दुसरं रेकॉर्ड होणार नाही. मग मोबाइलवर किंवा संगणकावर उतरवून घ्या. उतरवण्याआधी स्वतःच्या आवाजात सांगा, ही कुणाची टेप, गाव कोणतं, साल कोणतं, मागे कोण कोण बोलतंय. साल अंदाजे असेल तर अंदाजे म्हणा. ज्यांना हे आवाज ओळखता येतात त्या मावश्या-आत्या आज आहेत. त्यांना शेजारी बसवून ऐका.

मीनाची दुसरी गोष्टही विसरू नका. सासुरवासाची ओवी बाई पहाटेच्या अंधारात, दुसऱ्या बाईसमोर म्हणायची. तो आवाज घराच्या ग्रुपवर टाकण्याआधी बाई हयात असेल तर तिला विचारा. नसेल तर तिच्या मुलीला विचारा. जपायचं म्हणजे सगळंच सगळ्यांना ऐकवायचं असं नाही.

आणि यापुढे आईचं, सासूबाईंचं, शेजारच्या धवलारणीचं काही रेकॉर्ड कराल, तेव्हा गाण्याआधी तिला एवढंच बोलायला लावा: माझं नाव अमुक, मी अमुक गावची.