वळ कुणाच्या पाठीवर : क्रौर्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुक्ता साळवे ही पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुलगी. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना ती वाचकाला थेट विचारते : लंगड्या गाढवाला कुणी मारले तर त्याचा धनी गप्प बसेल का? आणि बाजीरावाच्या राज्यात मांग-महारांना मारू नका असे म्हणणारे कोण होते? क्रौर्याच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्याच्या हाती मी सर्वांत आधी हाच निबंध देते.

वरवर वाचले तर गाढवाचे बरे चालले होते, असा समज होईल. मुक्ताचा रोख वेगळा आहे. गाढवाला जो काही आडोसा होता तो त्याच्या वेदनेमुळे मिळालेला नव्हता. ते कुणाच्या तरी मालकीचे होते, त्याची तंगडी मोडली तर धन्याचे नुकसान होणार होते. मांगाच्या बाजूने भांडायला असा धनी नव्हता आणि त्याची दाद घेणारी चावडीही नव्हती. मार खाणाऱ्याच्या वतीने हात धरायला कोण येतो, आणि तो का येतो? मला दिसते त्याप्रमाणे या अभ्यासक्षेत्राचा सगळा पसारा या प्रश्नाभोवती उभा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची वाटणी झाली आहे. माणसांवरचे अत्याचार दलित साहित्याच्या, स्त्री-अभ्यासाच्या, भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या खणात; जनावरे निसर्गलेखनात किंवा बालसाहित्यात. एका खणातला वाचक दुसऱ्यात फारसा डोकावत नाही. ही विभागणी आपल्या परंपरेला मुळीच मानवणारी नाही. पैठणचा रेडा आठवा : त्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उठले, असे ती कथा सांगते. एकनाथांच्या दोन कथा तर जोडीने वाचाव्यात अशा आहेत. एकीत ते काशीहून आणलेले कावडीतले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओततात. दुसरीत गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचवतात. दोन्हीकडे तोच माणूस आणि तोच कळवळा, पण मोल निराळे. गाढवाला पाणी पाजताना यात्रेचे पुण्य पणाला लागले होते. पोराला उचलताना विटाळ आड आला, म्हणजे सगळी समाजरचनाच आड आली. माझ्या ऐकण्यातल्या कीर्तनांत पहिली कथा पुष्कळदा आली, दुसरी क्वचितच. कोणती करुणा सांगायला सोपी जाते, हेही आपल्या अभ्यासाचे साधन आहे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अस्पृश्यांसाठी तळे खुले केल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, तरी सत्याग्रहींवर लाठ्या पडल्या. तहानलेले जनावर आणि तहानलेला माणूस एका काठावर उभे राहिले तेव्हा समाजाने जनावराला वाट दिली. 'मुक्या प्राण्यांवर दया करा' हे वाक्य म्हणूनच सगळ्यांच्या कानी एकसारखे पडत नाही. ज्यांना पाण्यापासून हाकलले, त्यांच्या लेकरांनी प्राणिदयेकडे संशयाने पाहिले तर तो संशय समजून घेणे हे या क्षेत्रात येणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

मुंबईचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १८७४ साली तिथे प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था सुरू झाली. तिच्या आधारस्तंभांत दिनशा माणेकजी पेटिट होते. परळचे जनावरांचे इस्पितळ त्यांच्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या, नावाने उभे राहिले. ट्रामचे घोडे, खटाऱ्याचे बैल यांची विपन्नावस्था शहराला दिसू लागली, ही लहान गोष्ट नव्हे. पेटिट हे गिरण्यांचेही मोठे मालक. त्याच शहरात नारायण मेघाजी लोखंडे १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. मागण्या अशा : आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडले. यात कुणाला दांभिक ठरवण्याची घाई करू नये. इस्पितळ खरे होते, तिथे बरी झालेली जनावरे खरी होती. अभ्यासकाने शोधायचे ते असे की थकलेला घोडा ज्या नजरेला दिसला, तिला सहा आठवडे सुटीविना राबलेला कामगार का दिसला नाही. घोड्याचा मोबदला ठरवायचा नव्हता, कामगाराचा ठरवायचा होता, हे त्याचे एक उत्तर. पुरे नाही, पण सुरुवात म्हणून चालेल.

साहित्य इथे काय करते? जे अहवालात मावत नाही ते नोंदवते. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये मेलेले ढोर ओढणे आणि त्याच्या मांसावरचा हक्क येतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तली आजी शेणात न पचलेले जोंधळ्याचे दाणे वेचून, धुऊन त्यांची भाकरी करते. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं'चा भीमा खाणीचे काम सुटल्यावर मढी उकरून त्यांच्या अंगावरचे सोने शोधतो, आणि प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो. या तिन्ही ठिकाणी माणूस आणि जनावर यांच्यातले अंतर भुकेने मिटवले आहे. लेखक मात्र माणसाला जनावराच्या पातळीवर उतरू देत नाहीत : आजीच्या हाताला चव आणि लाज दोन्ही आहे, भीमाला घरी वाट पाहणारी लेक आहे. उलट बाजूने व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' वाचावे. तिथे वानरांचा कळप, त्यातले सत्तेचे झगडे आणि पिलांचा बळी दिसतो. तिथल्या हिंसेला आपण क्रौर्य म्हणू का, याचे उत्तर घाईने देऊ नये.

हे सगळे जुने झाले असे वाटत असेल तर उसाच्या फडात जावे. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत : दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुंपू नये, सलग पाच तासांपुढे नेऊ नये, पारा ३७ अंशांपुढे जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन बैल गाडीला लावू नये. फडात गाडी भरून झाली की ती कारखान्यावर पोचवावी लागते, रात्र असो की ऊन. तोडणीवाल्या नवरा-बायकोला तर तासांचा हिशेबच नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दोघे मिळून एक कोयता धरला जातो, मजुरी टनावर आणि खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांबाबत २०१९ साली शासनाच्या समितीने पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बैलाच्या मानेवरची गाठ आणि बाईच्या पोटावरचा टाका एकाच उचलीच्या वहीत येतात. बैलाला मारणारा हातही त्याच कर्जात अडकलेला आहे, हे विसरून केलेली प्राणिदयेची मांडणी फडात कुणी ऐकणार नाही. बैलाला वगळून केलेली मजुरांची मांडणीही मला अपुरी वाटते, कारण तो खंगला की संसार खंगतो आणि तो दुखतोही.

करायचे काम उदंड पडले आहे. कोंडवाड्यांची जुनी दप्तरे, सर्कशींच्या आठवणी, मेलेल्या ढोरांचे हक्क सोडण्यावरून गावोगाव झालेले बहिष्कार, यांवर मराठीत सलग लेखन थोडके आहे. जात्यावरच्या ओव्यांकडे तर मी आवर्जून बोट दाखवीन. साने गुरुजींनी जमवलेल्या ओव्यांत सासुरवाशीण स्वतःला घाण्याला जुंपलेल्या बैलाशी जोडून पाहते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या टिपून ठेवल्या. त्यांत गाय, बैल, शेळी, कुत्रे कुठे आणि कशासाठी येतात, मारहाण कुठे बोलली जाते आणि कुठे गिळली जाते, याची नुसती सूची करायलाही तीन-चार जणांची काही वर्षे लागतील. दळणाऱ्या बाईच्या घरी गोठा होता की नव्हता, हे प्रत्येक ओवीपुढे टिपता आले तर फार उपयोगाचे होईल. ज्यांना खेड्यातली बोली कळते आणि बसून ऐकण्याची सवय आहे त्यांनी या कामाला यावे. इथे पदवीपेक्षा कान लागतो.