रेडिएटरातील हळद

सन १९८१ च्या १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीहून पृथक झाला. तत्पूर्वीच्या काळी तेथील मिठबावहून फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठावयाचे, तर इंधनाइतकीच पाण्याचीही तजवीज करावी लागे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी हे नामाभिधान मिळाले, चढणीवर तापून गळू लागली, की जाणता चालक रेडिएटरच्या टोपणास तत्काळ हात लावीत नसे, कारण दाबाखालील उकळते पाणी कोणाचीही भीड ठेवीत नाही. पाणी निवाले, की तो त्यात हळद टाकी. तिचे कण छिद्राशी साचून गळती मुक्कामापुरती थांबे. मात्र तीच हळद बारीक नळ्याही बुजवी, म्हणून मला तो इलाज नव्हे, मुदतवाढीचा अर्ज वाटतो.

खरा इलाज कारागिराकडे. खाऱ्या हवेने हिरवटलेला रेडिएटर उतरवून, त्याची तोंडे बंद करून, हौदात बुडवून तो आत हवा भरी. बुडबुड्यांची माळ जेथून उठे, ती पितळी नळी लख्ख खरवडून डाख देई. हल्लीच्या ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरास तो जुना डाख धरत नाही. फुटला की बहुधा बदलावाच लागतो.