आपला कौटुंबिक कायदा आणि घरातले मूल



शाळेच्या प्रवेशअर्जावर 'पालकाचे नाव' असा एक रकाना असतो. दर जूनमध्ये असे अर्ज आम्हा शिक्षकांच्या हातांखालून जातात, आणि दोन-चार अर्ज तरी असे निघतातच की ज्यांच्यात या रकान्यापाशी पेन अडलेले दिसते. कुठे मूल चुलत्याने वाढवलेले असते, कुठे आई तलाकनंतर मुलांसह भाईंदरला माहेरी येऊन राहिलेली असते, तर कुठे बाप वारल्यामुळे आजोबांची सही असते. अशा वेळी पालक एक स्टॅम्पपेपर पुढे करतात. वर 'दत्तकपत्र' असे टंकलिखित शीर्षक, खाली दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. या कागदाची कायद्यात किंमत काय? उत्तर एका शब्दात देता येईल, पण ते पटायचे तर पावणेदोनशे वर्षे मागे, आपल्याच मुंबईत जावे लागेल.

१८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन जमातींतील वारसाहक्काचे खटले चालले. मुलींचे म्हणणे असे की, कुराणाने ठरवून दिलेला वाटा आम्हांस मिळावा. उलट पक्षाचे म्हणणे असे की, आमच्या जमातीत मुलींना वारसा देण्याची चालच नाही. पेरीसाहेबांनी चालीरीत मान्य केली आणि मुली हरल्या. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. शरियतने जे मुलीला दिले होते ते रूढीने काढून घेतले, आणि न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. 'आमचा कायदा पहिल्यापासून असाच आहे' असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा हा खटला आठवावा.

रूढीचे हे वर्चस्व मोडण्यासाठी १९३७ चा शरियत कायदा आला. निकाह, तलाक, मेहेर, पोटगी, पालकत्व, हिबा, वारसा या बाबतींत मुसलमानांना रूढी नव्हे, तर शरियत लागू होईल असे त्याने ठरवले. शेतजमीन मात्र वगळली. मुलींच्या दृष्टीने ही उणीव लहान नव्हे. दत्तकाबाबत या कायद्याने वेगळी वाट धरली. दत्तक आणि वसीयत हे विषय सक्तीच्या यादीत न घालता कलम ३ मध्ये ठेवले. ज्याने तसे रीतसर प्रतिज्ञापन केले त्यालाच या विषयांत शरियत लागू. म्हणजे १९३७ सालच्या कायदेकर्त्यांनाही ठाऊक होते की, काही मुस्लिम जमातींत दत्तकाची चाल आहे.

धर्माची बाजू आपणांस माहीत आहेच. हजरत पैगंबरांनी झैद बिन हारिसा यांना पुत्रवत वाढवले होते आणि लोक त्यांना मुहंमदांचा मुलगा म्हणत. पुढे सूरह अहजाबमध्ये आज्ञा आली की, अशा मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा. मनाई आहे ती मुलाचे मूळ नाव-नसब पुसण्याला. यतीम मुलाला घरी आणणे, खाऊपिऊ घालणे, शिकवणे यांस मनाई तर नाहीच, उलट ते मोठे पुण्यकर्म मानले आहे. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे कित्येक घरांत मूल वाढवले जाते, पण त्याच्या भविष्याची तरतूद होत नाही. सांभाळणारा माणूस गेला की त्याचे भाऊ-पुतणे वारस म्हणून उभे राहतात आणि वाढवलेला मुलगा रस्त्यावर येतो. वस्तुतः मार्ग शरियतमध्येच आहे. हयातीत हिबा करून कितीही मालमत्ता देता येते, मात्र ताबा प्रत्यक्ष द्यावा लागतो. वसीयत करून एक तृतीयांशापर्यंत देता येते, आणि वारसांनी नंतर संमती दिली तर त्याहून अधिकही. नोटरीच्या 'दत्तकपत्रा'ने यातले काहीच साधत नाही. तो कागद ना हिबा, ना वसीयत, ना दत्तक.

मग सरकारी कायद्याने दत्तक घेता येते का? हा वाद देशभर पेटला तो १९७२ साली, जेव्हा सर्व धर्मीयांसाठी एकच दत्तक विधेयक संसदेत मांडले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत मुस्लिम पर्सनल लॉविषयी मोठे अधिवेशन भरले आणि त्यातूनच पुढे, १९७३ साली, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड हैदराबादेत स्थापन झाले. विधेयक १९७८ मध्ये मागे घेण्यात आले. १९८० साली ते पुन्हा आले तेव्हा मुसलमानांना वगळून. त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले, पण अनाथालयातल्या मुलाविषयी फार थोडे, असे मला वाटते. शेवटी वाट निघाली ती दुसऱ्याच कायद्यातून. बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस दत्तक घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाशमी खटल्यात दिला. न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, ही मुभा आहे, सक्ती नाही. ज्याला व्यक्तिगत कायद्याप्रमाणे चालायचे आहे तो तसा चालू शकतो.

आता तलाकाकडे वळू. हनफी मताप्रमाणे छळलेल्या स्त्रीला न्यायालयातून सुटका मिळणे जवळजवळ अशक्य होते. १९३० च्या दशकात काही स्त्रिया केवळ नवऱ्यापासून सुटण्यासाठी धर्म सोडू लागल्या, तेव्हा उलेमाच अस्वस्थ झाले. मौलाना अश्रफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन मार्ग सुचवला आणि त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटगी देत नसेल, क्रूरपणे वागवत असेल तर स्त्रीला न्यायालयात फारकत मागता येते. एका मताची अडचण दुसऱ्या मताने सोडवण्याची ही रीत आपल्या परंपरेतलीच आहे. खेद एवढाच की, या कायद्यात मुलांच्या ताब्याविषयी एक अक्षर नाही.

नवऱ्याच्या एकतर्फी तलाकाला मात्र या कायद्याने हात लावला नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला तो याच प्रश्नावर. मिरजोळीच्या या कोकणी माणसाची सर्व मते आपणांस पटतील असे नाही. आपल्या समाजात अनेकांना ती पटली नाहीत. पण त्या सात जणी काय मागत होत्या, हे आपल्या मुलींना ठाऊक असावे. शाहबानो प्रकरण (१९८५) आणि त्यामागून आलेला १९८६ चा कायदा सर्वांना माहीत आहे. त्या मानाने महाराष्ट्रातल्याच एका निकालाची चर्चा फार कमी झाली. पत्नीने पोटगी मागितली की 'मी तिला कधीच तलाक दिला आहे' असे कैफियतीत लिहून मोकळे होण्याची प्रथा पडली होती. मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात सांगितले की, नुसते लिहून तलाक सिद्ध होत नाही. कारण काय होते आणि दोन्ही घरच्या मध्यस्थांकरवी समेटाचा प्रयत्न झाला का, हे नवऱ्याने शाबीत केले पाहिजे. मध्यस्थांची ही अट कुराणातीलच आहे. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा केला. तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची चर्चा फार झाली. पण त्याच कायद्यात अशा स्त्रीला अज्ञान मुलांचा ताबा मिळण्याचेही कलम आहे, ते थोड्यांनीच वाचले असेल.

आणि ताबा हाच मुलाच्या दृष्टीने मुख्य प्रश्न. आईच्या हक्काला हिजानत म्हणतात. हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. शिया मताप्रमाणे मुलगा दोन वर्षे आणि मुलगी सात. आपल्या कोकणी बांधवांत बहुतेक शाफई आहेत. त्या मतात समज आलेल्या मुलालाच विचारतात की, तुला कोणाकडे राहायचे? १८९० चा पालक व पाल्य कायदाही निवड करण्याइतक्या मोठ्या मुलाचे म्हणणे विचारात घेण्यास सांगतो, आणि न्यायाधीशाने सर्वांत आधी पाहायचे ते मुलाचे हित. म्हणून 'सात वर्षे झाली, आता मुलगा आमचा' असे म्हणून कोणी शाळेच्या फाटकातून मूल उचलून नेणे हा कायदा नव्हे. मूल आईकडे असले म्हणजे बापाची जबाबदारी संपली, हाही गैरसमजच. १९८६ च्या कायद्यातील दोन वर्षांची मर्यादा मुलांच्या पोटगीला बांधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून खटल्यात ठरवले आहे. बापाची ऐपत असेल तर मूल सज्ञान होईपर्यंत त्याला द्यावे लागते, मुलीला लग्न होईपर्यंत.

विधवा भगिनींनी पुढील गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मूल आईजवळ असले तरी त्याच्या मालमत्तेची ती आपोआप पालक होत नाही. १९१८ साली इमामबंदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने आईने केलेली विक्री निरर्थक ठरवली, आणि तो निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती होते सय्यद अमीर अली. आपल्याकडे जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे करार चालले आहेत. नवऱ्याच्या नावची खोली असेल तर तिच्यात लहान मुलांचाही वाटा असतो. बिल्डरने पुढे केलेल्या कागदावर मुलांच्या वतीने आईने सही केली, तर ती सही त्या वाट्यापुरती टिकत नाही. याकरिता आधी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करून स्वतःस मुलांच्या मालमत्तेचे पालक नेमून घ्यावे आणि विक्री वा करारासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी. अर्जाबरोबर नवऱ्याचा मृत्यूदाखला, मुलांचे जन्मदाखले आणि निकाहनामा लागतो. निकाहनाम्याची मूळ प्रत कित्येकदा सासरच्या कपाटातच राहिलेली असते, ती वेळीच मागून घ्यावी.