फांदी धरलेली ऑफेलिया

इंग्रजी साहित्याच्या वर्गात ऑफेलिया बहुधा नाटकाआधी चित्रात भेटते. ते चित्र जॉन एव्हरेट मिले याचे, १८५१–५२ मधले: फुलांनी वेढलेली, ओठ विलग, दोन्ही तळहात उघडे टाकून पाण्यावर तरंगणारी तरुणी. नांदेड-लातूरच्या आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात ते इतके पक्के बसलेले असते की, शेक्सपिअरने हा प्रसंग रंगमंचावर दाखवलेलाच नाही, हे कळल्यावर वर्ग चपापतो.

मृत्यूची वार्ता चौथ्या अंकात राणी गर्ट्रूड आणते. फांदी मोडली, मुलगी ओढ्यात पडली, वस्त्रांनी तिला क्षणभर तोलून धरले, ती गात राहिली आणि बुडाली. वर्णन फार सुंदर आहे. आमचा संशय तिथेच सुरू होतो. हे पाहिले कोणी? पाहणाऱ्याने हात का दिला नाही? आमच्या विद्यार्थिनी हे विचारतात ते समीक्षाग्रंथ वाचून नव्हे. सून विहिरीत सापडली की ‘पाय घसरला’ ही हकीकत घरचेच सांगतात, हे त्यांनी ऐकलेले असते. पाचव्या अंकातले कबर खोदणारेही राजवाड्याची हकीकत मानत नाहीत. ती मोठ्या घरची नसती तर तिला ख्रिस्ती दफन मिळाले नसते, असे ते उघड बोलतात.

मिलेच्या आधीच्या रोमँटिक पिढीने मात्र वेगळी ऑफेलिया पाहिली होती. १८२७ मध्ये पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात इंग्लिश नटमंडळींनी ‘हॅम्लेट’ केले, हॅरिएट स्मिथसन ऑफेलिया झाली आणि फ्रेंच कलावंत भारावून गेले. युजीन देलाक्रुआने पुढे या नाटकावर शिलामुद्रित चित्रांची मालिका केली. तिच्यातल्या १८४३ च्या चित्रात ऑफेलियाचे अर्धे अंग पाण्यात आहे, पण एका हाताने तिने फांदी घट्ट धरली आहे. गर्ट्रूडच्या कथनात ही मूठ नाही.

आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर काम केले, ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या दुःस्थितीवर एवढे निर्भीडपणे लिहिणाऱ्याचे हे नाटक. पण आपल्या नाट्यस्मृतीत उरला तो गणपतराव जोशींचा चंद्रसेन. (आम्हीही अभ्यासक्रम त्याच्याच स्वगतांनी सुरू करतो.)

अलीकडे आम्ही मिलेचे चित्र आधी दाखवत नाही. आधी गर्ट्रूडचे भाषण, मग देलाक्रुआची ती मूठ. लातूरच्या एका वर्गात त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, फांदी मोडली की मोडली असं सांगितलं?”