तबकडी, ध्वनिफीत आणि डाऊनलोड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांनी आपापल्या संग्रहातील जुने साहित्य धाडावे, असे आवाहन मंडळाने केले, तेव्हा जुनी छायाचित्रे आणि कार्यक्रमपत्रिका येतील, एवढीच आमची अपेक्षा होती. ती आलीच, परंतु त्यांच्याबरोबर बेळ्ळंदूर येथील एका सदनिकेतून पत्र्याची एक जुनी ट्रंकही आली. तीत तळाशी लाखेच्या काही तबकड्या होत्या, त्यांवर लाँगप्ले ध्वनिमुद्रिका, त्यांवर पन्नासेक कॅसेट आणि सर्वांत वर सीडीची चळत. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे ऐकणे असे थरावर थर रचून ठेवलेले होते. काही कॅसेटवर बॉलपेनने केवळ एवढेच लिहिले होते : ‘गणेशोत्सव, दुसरा दिवस’. वर्ष लिहिण्याची गरज तेव्हा कोणासही वाटली नसावी.

ट्रंक धाडणाऱ्या बाईंचा प्रश्न सरळ होता. सदनिकेत जागा अपुरी; ही सारी गाणी आता फोनवर क्षणात मिळतात; मग हे ओझे बाळगावे की टाकून द्यावे? हा प्रश्न आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी, या ट्रंकेतील एकेक थर आपल्यापर्यंत कसा आला, हे पाहणे उचित ठरेल.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढे १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने सपाट तबकडीची पद्धत शोधून काढली. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गेस्बर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. गाणे येथले आणि तबकडीस लागणारी लाखही बहुतांशी येथलीच. तथापि आरंभी तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे. १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघाल्यावर हा समुद्रप्रवास संपुष्टात आला. गायन संपताच गौहरजान इंग्रजीतून आपले नाव उच्चारीत, ते त्या जुन्या तबकड्यांवर आजही ऐकू येते. दूरदेशीच्या कारागिरास गायिका ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू होता, असे सांगतात.

या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. आपल्या नाट्यसंगीतास ही मर्यादा केवढी जाचक होती, याची कल्पनाच केलेली बरी. १९११ साली ‘मानापमान’ आणि १९१६ साली ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले, तो काळ रात्र-रात्र चालणाऱ्या प्रयोगांचा. बालगंधर्वांच्या पदास ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ मिळत आणि तेच पद दर खेपेस निराळ्या अंगाने फुले. तबकडीने आपल्या हाती ठेवला तो त्या विस्ताराचा केवळ अर्क. तरीही त्या अर्काचे ऋण मोठे आहे. कारण ज्यांनी ते प्रयोग पाहिले, त्यांपैकी आज कोणी उरले नाही.

येथे कर्नाटकवासी मराठी माणसाने एक गोष्ट अभिमानाने स्मरावी. तबकडीने भाषेची सीमा फारशी मानली नाही. धारवाडजवळील कुंदगोळचे रामभाऊ ‘सवाई गंधर्व’ म्हणून मराठी रंगभूमीवर गाजले. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर ‘गांधारी’ हे नाव छापलेले असे. कन्नड घरात वाढलेला कंठ आणि मराठी घरातील ग्रामोफोन यांची भेट अशी किती तरी आधी झालेली होती. आपण नोकरीनिमित्त या प्रांतात आलो, त्यापूर्वीच येथले स्वर आपल्या माजघरात पोहोचले होते.

ट्रंकेतील दुसरा थर लाँगप्लेचा. ही मिनिटास तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी ध्वनिमुद्रिका अमेरिकेत १९४८ साली निघाली. तिच्या एका बाजूस वीस-पंचवीस मिनिटे मावू लागली आणि ख्यालाला थोडा श्वास मिळाला. या थरात ‘गीतरामायणा’च्या ध्वनिमुद्रिका सापडल्या, तेव्हा आमच्यापैकी ज्येष्ठांचे हात क्षणभर तेथेच थांबले. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गदिमांचे हे काव्य सुधीर फडके यांच्या संगीतात सुरू झाले आणि वर्षभर आठवड्यास एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली. त्या मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक कंठ होते. परंतु पुढे ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी गेले ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातील गीतरामायण. तेही अजोडच आहे, यात शंका नाही. तथापि पुढच्या पिढ्यांना गीतरामायण म्हणजे एकच आवाज असे वाटू लागले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जे बाजारात आले ते टिकले. जे केवळ हवेतून गेले, ते ऐकणाऱ्यांच्या स्मरणात राहिले आणि त्यांच्याबरोबर विरत गेले.

तिसरा थर कॅसेटचा, आणि आमच्या मते तो सर्वांत मोलाचा. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस, आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या ‘टू-इन-वन’बरोबर, ती घराघरात शिरली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रकाशकांनी मैफलींची दुर्मिळ मुद्रणे रसिकांस उपलब्ध करून दिली. पु. लं.चे कथाकथन महाराष्ट्राबाहेरच्या घरांत जेवणाच्या ताटाभोवती ऐकले जाऊ लागले. पण या सर्वांहून मोठी गोष्ट ही की, सामान्य माणसास प्रथमच स्वतःचा आवाज मुद्रित करता येऊ लागला. तबकडी आपण ऐकत होतो. कॅसेटवर आपण बोलू लागलो. गावी असलेल्या आजीने नातवंडांसाठी म्हटलेली ओवी, मंडळाच्या गणेशोत्सवात हौशी कलावंतांनी बसविलेले नाट्यपद, कोजागिरीच्या रात्रीचे कवितावाचन : हे कोणत्याही कंपनीने विकलेले नव्हते.

त्यानंतरचा प्रवास वेगाचा. १९८२ साली सीडी आली. ध्वनी अंकांत रूपांतरित होऊ लागला आणि सुईची खरखर मावळली. पुढे जर्मनीतील संशोधकांनी एमपी-थ्री ही पद्धत विकसित केली. मानवी कानास सहसा जाणवणार नाही असा अंश गाळून, सीडीवर मिनिटास सुमारे दहा मेगाबाइट व्यापणारे संगीत तिने एका मेगाबाइटच्या आसपास आणले. आता गाण्यास वस्तूची गरज उरली नाही. मुंबईच्या काळा घोडा भागातील ऱ्हिदम हाऊस हे रसिकांचे तीर्थक्षेत्र २०१६ साली बंद झाले.

डाऊनलोडच्या दुकानांचा इतिहास तर आपल्या अंगणातला आहे. आज जिची मोठी कचेरी बेळ्ळंदूरनजीक बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगत उभी आहे, त्या फ्लिपकार्ट कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ या नावाने गाणी विकण्यास आरंभ केला. थोडक्या रुपयांत एक गाणे विकत घ्यावे आणि ते कायमचे आपल्या संगणकावर ठेवावे, अशी ती सोय होती. जून २०१३ मध्ये ती बंद झाली. चोरून उतरविलेल्या गाण्यांचा सुळसुळाट आणि अल्प रकमा चुकत्या करण्याची गैरसोय ही कारणे कंपनीने दिली होती. ज्यांनी गाणी उतरवून घेतली होती, त्यांच्याकडे ती राहिली. दुकान गेले तरी माल घरात राहिला, हा डाऊनलोडचा गुण मान्य केला पाहिजे. आज बहुतेकांचे ऐकणे मासिक वर्गणीवर चालते, आणि तेथे गाणे आपले नसते, भाड्याचे असते. सेवा बंद झाली किंवा तिचा ध्वनिमुद्रिका कंपनीशी असलेला करार संपला, की काल ऐकलेले गाणे आज यादीतून नाहीसे होऊ शकते.

आता ट्रंकेकडे वळू. ‘गणेशोत्सव, दुसरा दिवस’ ही कॅसेट आम्ही उत्साहाने लावली. पेटीचा सूर लागला आणि मंडळाच्या आरंभीच्या काळातील, आता हयात नसलेल्या एका सभासदांचा आवाज त्या खोलीत भरून राहिला. त्यांच्या कन्या तेथे उपस्थित होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पद अंतऱ्यापर्यंत आले आणि आमच्या जुन्या यंत्राने फीत ओढून घेतली. ती सोडविली, पण मधला काही भाग चुरगळून कायमचा गेला. यंत्र आधी साफ करून, दुसरी एखादी फीत लावून पाहण्याचे साधे भान आम्हांस राहिले नाही. दोष सर्वस्वी आमचा. तो अंतरा आता कोणत्याही दुकानात, कोणत्याही वर्गणीने मिळणार नाही.

या अनुभवातून आमचे मत बनले ते असे. जे संगीत प्रकाशित झालेले आहे, ते कोणत्या रूपात ऐकावे, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा आणि आवडीचा प्रश्न आहे. त्यातील जे जिवाभावाचे असेल, ते मात्र भाड्यावर न ठेवता सीडीच्या किंवा विकत घेतलेल्या डाऊनलोडच्या रूपाने स्वतःजवळ असावे. पण जे केवळ आपल्याच घरात आहे, त्याच्या बाबतीत निवडीस वाव नाही. त्याची अंकीय प्रत आजच करावी आणि मूळ वस्तूही टाकू नये. एक तासाची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरविल्यास सुमारे ६०० मेगाबाइट जागा लागते. आजच्या मानाने ती नगण्य आहे. मूळ प्रत एमपी-थ्रीत करू नये, कारण त्यात गाळलेले परत मिळत नाही. दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. लाखेची तबकडी स्पिरिटने कदापि पुसू नये, लाख त्यात विरघळते. कॅसेट चुंबकापासून व उन्हापासून दूर ठेवावी. आणि प्रत्येक वस्तूवर नाव, गाव व वर्ष लिहावे.

ट्रंकेतील फितींच्या प्रती करण्याचे काम मंडळाच्या तरुण सभासदांनी हाती घेतले आहे. ट्रंक बाईंना परत दिली जाईल. ती ठेवण्यास जागा नसेल, तर मंडळ ती सांभाळील. इतर घरांतील माळ्यांवरही असा ठेवा असेल, याविषयी आम्हांस शंका नाही. तो यंत्राला लावून पाहण्याची घाई न करता प्रथम आम्हांस कळवावे, एवढी विनंती करून हे टिपण पुरे करतो.