घास, गळा आणि डब्यावरचे लेबल



भाकरी मिळवावी कशी, यावर आम्ही कामगारांच्या सभांतून आयुष्यभर बोलत आलो. परंतु हाती आलेली भाकरी गळ्याखाली उतरतच नसेल तर माणसाने काय करावे, या प्रश्नालाही मोठा इतिहास आहे.

इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस यांनी १६७४ साली एका रोग्याची हकीकत नोंदविली. त्याची अन्ननलिका जठराच्या तोंडाशी उघडत नसे. विलिस यांनी व्हेलच्या हाडाची लवचिक काडी घेऊन तिच्या टोकाला स्पंज बसविला. तो गृहस्थ वर्षानुवर्षे जेवताना त्या काडीने घास खाली ढकलीत असे. रोग बरा झाला नाही, पण माणूस जगला. पुढे १८६८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे डॉ. कुसमाउल यांना सरळ नळी घशातून आत घालून पाहावयाचे होते. त्यांनी मदत घेतली ती तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याची! इतिहासात नाव ठळक राहिले ते डॉक्टरांचे. तथापि त्या ज्ञानात पोटासाठी खेळ करणाऱ्याचाही वाटा आहे, हे आम्ही विसरू शकत नाही.

या नळीला खरे रूप दिले ते अमेरिकेतील पिट्सबर्गच्या शेव्हेलिअर जॅक्सन यांनी. त्या काळी तिकडे घरोघरी साबण करण्यासाठी व मोऱ्या साफ करण्यासाठी कॉस्टिक सोडा असे. दिसायला साखरेसारखा. लहान मुले तो तोंडात टाकीत. अन्ननलिका आतून भाजे, आणि जखम भरताना ती आवळत जाऊन दोऱ्याएवढी अरुंद होई. मूल उपाशी मरे, तेही भरल्या ताटापुढे. जॅक्सन अशा मुलांच्या गळ्यात क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या सळया अत्यंत हळुवारपणे घालून वाट मोठी करीत. या कामाला महिनेच्या महिने लागत. पाण्याचा घोटही न उतरणाऱ्या एका गरीब मुलीच्या गळ्यातील अडथळा त्यांनी काढला. तिने भीतभीत पाणी प्यायले, ते उतरले. तेव्हा तिने पेला बाजूला सारला आणि डॉक्टरांच्या हाताचे चुंबन घेतले. ही आठवण त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

दुसरा कोणी एवढ्यावर कृतार्थ झाला असता. जॅक्सन यांनी मात्र विचारले, मुलांना हे विष आहे हे कळत नाही. पण आईला तरी कोणी सांगितले आहे काय? डब्यावर इशाराच नव्हता. त्यांनी अनेक वर्षे राज्यांच्या विधिमंडळांकडे आणि अमेरिकन काँग्रेसकडे पाठपुरावा केला. अखेर ४ मार्च १९२७ रोजी कायदा झाला. पदार्थाचे नाव, 'विष' हा शब्द, विकणाऱ्याचे नाव-ठिकाण आणि तातडीचा उपाय डब्यावर छापणे बंधनकारक ठरले.

कायद्याने सारे अपघात थांबले असे नव्हे. परंतु आमच्या दृष्टीने धडा स्पष्ट आहे. एकेक गळा मोकळा करणारा हात थोर खराच. पण गळा भाजूच नये म्हणून नियम मागणे हेही त्याच दयेचे पुढचे पाऊल होय. कापड गिरण्यांच्या प्रक्रिया खात्यांत हाच कॉस्टिक सोडा वापरला जातो, आणि तेथेही आम्ही इशाऱ्याच्या पाटीसाठी भांडलो आहोत.

आज घरी गेल्यावर एवढे करा. मोरी साफ करण्याचे औषध वा ॲसिड सरबताच्या बाटलीत भरलेले असेल तर ती बाटली घरात राहू देऊ नका. हे पदार्थ त्यांच्या मूळ डब्यातच, मुलांच्या हाती न लागतील असे ठेवा. कोणी चुकून प्यायलेच, तर उलटी करवू नका. वर येताना ते पुन्हा भाजते. ताबडतोब रुग्णालय गाठा. आणि घरातील वृद्धांना जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सुखाने घास गिळता यावा, एवढा हक्क प्रत्येकाचा आहेच.